मंदीचे दिवस आणि व्यवस्थापनाची पदवी

पदवी परीक्षेचे निकाल लागले की किनवटसारख्या तालुक्याच्या गावी दरवर्षी एक प्रश्न घरोघर उभा राहतो. मुलगा बी.कॉम. झाला, मुलगी बी.कॉम. झाली, आता पुढे काय? मिळेल ती नोकरी धरावी, स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसावे, की नांदेड, लातूर अथवा पुणे गाठून एम.बी.ए. करावे? बऱ्या दिवसांत या प्रश्नाचे उत्तर फारसे जड जात नाही. बाजार मंदावला, नोकरभरती आटली आणि शेतमालाचा भाव पडला, की मात्र हाच प्रश्न सबंध घराच्या भवितव्याचा होऊन बसतो. कारण अशा वेळी घेतलेला निर्णय चुकला, तर तो निस्तरण्यासाठी हाताशी काहीच उरलेले नसते.

मंदी म्हणजे कोणती मंदी, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे पाहिले, तर २०२४-२५ या वर्षी देशाची अर्थव्यवस्था सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढली. पुस्तकी व्याख्येप्रमाणे यास मंदी म्हणता येणार नाही. परंतु किनवटचा बाजार राष्ट्रीय सरासरीवर चालत नाही. तो कापूस आणि सोयाबीन यांवर चालतो. २०२५ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. प्रत्यक्ष हंगामात बाजारभाव त्याच्या पुष्कळ खाली राहिले. कापसावरील ११ टक्के आयातशुल्क केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये उठविले आणि पुढे ही सवलत वर्षअखेरपर्यंत लांबविली. त्यातच सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके पाण्याखाली गेली. ज्या शहरी नोकऱ्यांकडे येथील तरुण डोळे लावून बसलेला असतो, तेथेही हात आखडता घेतला जात होता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या बलाढ्य कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. शेतात उत्पन्न नाही आणि शहरात भरती नाही, अशी ही दुहेरी मंदी आहे.

प्रचलित सल्ला आणि त्याचा आधार

अशा वेळी एक सल्ला सर्रास दिला जातो. नोकऱ्या नाहीतच, तर रिकामे बसण्यापेक्षा दोन वर्षे शिकून घ्यावे. मंदी ओसरेल तेव्हा हाती पदवी असेल. हा सल्ला निराधार नाही. अर्थशास्त्रात ज्यास पर्यायी खर्च म्हणतात, त्याचे तत्त्व येथे लागू पडते. शिक्षणाचा खरा खर्च केवळ शुल्काचा नसतो. शिकण्याच्या काळात जी मिळकत बुडते, तीही त्यात धरावी लागते. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मानवी भांडवलाचा जो विचार मांडला, त्याच्या गाभ्याशी हाच हिशेब आहे. नोकरी मिळण्याचीच शक्यता कमी असेल, तर बुडणारी मिळकतही कमी, म्हणून शिक्षण त्या मानाने स्वस्त, असे हे गणित आहे.

त्यास आणखी एक दुजोरा मिळतो. कॅनडातील पदवीधरांच्या उत्पन्नाचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मंदीच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांचे उत्पन्न आरंभी सुमारे ९ टक्क्यांनी कमी असल्याचे आणि ही तूट भरून निघण्यास जवळजवळ दहा वर्षे लागल्याचे आढळले. नोकरीची सुरुवात वाईट वर्षी झाली तर तिचा ओरखडा बराच काळ राहतो. तेव्हा सुरुवातच दोन वर्षे पुढे ढकलावी, हा विचार वरकरणी तरी शहाणपणाचा दिसतो.

तथापि या सल्ल्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. दोन वर्षांनी बाजार सुधारलेला असेल, ही पहिली. आणि त्या बाजारात पदवीची किंमत आज दिसते तीच राहील, ही दुसरी. पहिली गोष्ट कोणाच्याच हाती नाही. दुसरीविषयी मात्र मराठवाड्यातील शेतकऱ्याचा अनुभव पुष्कळ काही सांगून जातो.

तुरीचा धडा

२०१५ मध्ये तूरडाळीचे भाव किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेले होते. तो भाव पाहून पुढच्या खरिपात शेतकऱ्यांनी तूर मोठ्या प्रमाणावर पेरली. पाऊसही चांगला झाला. २०१६-१७ मध्ये विक्रमी पीक आले आणि भाव कोसळला. क्विंटलला ५,०५० रुपयांचा हमीभाव कागदावर राहिला. बाजारात तूर त्याच्याही खाली विकली गेली. सरकारी खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या आणि कोठे बारदाना नाही, कोठे जागा नाही, म्हणून मापे अडली. प्रत्येक शेतकऱ्याचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच होता. सर्वांनी तोच निर्णय एकाच वेळी घेतल्यामुळे मात्र तो सर्वांच्याच अंगावर आला.

पिकाच्या या चक्रास अर्थशास्त्रज्ञ कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात. आजचा भाव पाहून पेरणी होते, पीक मात्र उद्याच्या भावात विकावे लागते. अमेरिकेतील रिचर्ड फ्रीमन यांनी १९७० च्या दशकात हेच चक्र अभियंत्यांच्या शिक्षणाला लावून दाखविले. पदवीचेही एक पीक असते. ते दोन वर्षांनी तयार होते आणि पेरणाऱ्यांची संख्या किती हे पेरणीच्या वेळी कोणालाच दिसत नाही.

महाराष्ट्रातील शिक्षकांना हे दुसऱ्या देशातून शिकण्याची गरज नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात डी.एड. म्हणजे हमखास नोकरी, असा समज खेडोपाडी रुजला होता. अध्यापक विद्यालये झपाट्याने वाढली. बारावीला उत्तम गुण मिळविलेली मुले-मुली तेथील प्रवेशासाठी धडपडत. पुढे पटसंख्येचे प्रश्न निघाले, २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरतीवर निर्बंध घातले, २०१३ पासून पात्रता परीक्षेची अट आली आणि हातात पदविका असलेले हजारो तरुण जागच्या जागी थांबले. नंतर विद्यार्थ्यांअभावी अनेक अध्यापक विद्यालयांनाच टाळे लागले. त्या तरुणांपैकी कितीएक आज दुकानात किंवा खाजगी शिकवणीत दिवस काढीत आहेत. त्यांची बुद्धी कमी पडली नव्हती. सर्वांनी एकाच दरवाजाकडे धाव घेतली होती.

व्यवस्थापनाच्या पदवीचा इतिहासही याहून फार वेगळा नाही. १९६१ मध्ये कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. तेव्हा ही पदवी विरळा होती आणि म्हणून तिला मोल होते. १९९१ च्या उदारीकरणानंतर खाजगी संस्था वाढल्या. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी पेढी बुडून जगभर मंदी पसरली, त्या सुमारासही आपल्याकडे जागा वाढतच होत्या. पुढील दशकात मात्र जागा रिकाम्या राहू लागल्या आणि अनेक संस्थांनी अभ्यासक्रम गुंडाळले. संस्था बंद झाली तरी तिची पदवी घेतलेला विद्यार्थी बंद होत नाही. जिचे नाव आता कोणी ओळखत नाही, त्या संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन त्याला आयुष्यभर फिरावे लागते.

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की नोकरी देणारा अनेकदा पदवीतील ज्ञानापेक्षा पदवीतून मिळणाऱ्या संकेताकडे पाहतो. अवघड प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन नामवंत संस्थेत गेलेला उमेदवार हुशार असणार, एवढे तो त्यातून ताडतो. ज्या संस्थेत अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला जागा मिळते, तिची पदवी कोणताच संकेत देत नाही. मंदीत नोकरी देणाऱ्यासमोर अर्जांचे ढीग असतात, तेव्हा हा भेद अधिकच कठोरपणे केला जातो.

दोन वर्षे कोणाची?

या प्रश्नाची सर्वांत महत्त्वाची बाजू मात्र याहून निराळी आहे. मंदीत दोन वर्षे थांबण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. पुण्यातील अधिकाऱ्याच्या मुलाला ती दोन वर्षे म्हणजे बाहेर पाऊस पडत असताना ओसरीवर थांबण्यासारखी आहेत. पाऊस थांबला नाही, तरी घर त्याचेच असते. किनवट तालुक्यातील पाच एकर कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला तीच दोन वर्षे कर्जाने विकत घ्यावी लागतात.

हे कर्ज आकड्यांत मांडून पाहणे बरे. समजा, शुल्क, खोलीभाडे आणि खानावळ मिळून दोन वर्षांसाठी पाच लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले. अडीच लाख पहिल्या वर्षाच्या आरंभी, अडीच लाख दुसऱ्या. व्याज १० टक्के. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नाही. पण व्याज थांबत नाही. ही तीन वर्षे संपतात तेव्हा सरळव्याजाने सव्वा लाख रुपये चढलेले असतात आणि देणे सव्वासहा लाखांवर जाते. ते दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता महिना सुमारे सव्वाआठ हजार रुपये बसतो. मूळच्या पाच लाखांपोटी जवळजवळ दहा लाख रुपये भरावे लागतात. पुण्यात वीस हजारांवर नोकरीस लागलेल्या तरुणाने खोली आणि खानावळ भागवून हा हप्ता कशातून द्यावा? आणि नोकरी लागलीच नाही तर?

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सामान्यतः तारण लागत नाही, असे सांगितले जाते. ते खरे आहे. पण पालक सहकर्जदार असतो, हेही तितकेच खरे आहे. हप्ते थकले तर नोंद मुलाबरोबर बापाच्याही नावे होते आणि बाप पुन्हा बँकेच्या दारात उभा राहतो तेव्हा ती त्याच्या आधी तेथे पोचलेली असते. वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना अभ्यासक्रमाच्या काळातील व्याजात केंद्र सरकारची सवलत आहे. तीही ठरावीक मान्यताप्राप्त संस्थांपुरती. म्हणजे संस्था निवडतानाच ही चौकशी झाली नाही, तर सवलत कागदावरच राहते.

यावर कोणी म्हणेल, की शिकू नये तर काय करावे? नोकरी कोठे वाट पाहते आहे? हा आक्षेप रास्त आहे. २०२२-२३ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात देशातील एकूण बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के होते. पदवीधरांमध्ये ते १३.४ टक्के होते. किनवटच्या पदवीधरापुढे एका बाजूस एम.बी.ए. आणि दुसऱ्या बाजूस चांगली नोकरी, असा सरळ पर्याय नसतोच. दुसऱ्या बाजूस बहुधा पतसंस्थेतील किंवा एखाद्या जिनिंगमधील दहा-बारा हजारांची कारकुनी असते; नाही तर अभ्यासिकेतील खुर्ची असते. त्या खुर्चीचे भाडे थोडे, पण तीवर पाच-पाच वर्षे निघून जातात आणि त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. तेव्हा पदवी महाग म्हणून नाकारायची आणि वय मात्र फुकट जाऊ द्यायचे, हाही काही शहाणपणा नव्हे.

मुलींचा हिशेब वेगळा

मुलीच्या बाबतीत तर पर्यायी खर्चाचे सारे गणितच बदलते. बी.कॉम. झालेल्या मुलाला घर दोन वर्षे देते ती नोकरी शोधण्यासाठी. मुलीच्या बाबतीत त्या दोन वर्षांत स्थळे पाहिली जातात. तिच्यासाठी पदव्युत्तर प्रवेश म्हणजे स्वतःच्या आयुष्याविषयी बोलण्यास मिळालेली मुदत असते आणि ही मुदत कोणत्याही पगाराच्या आकड्यात मावत नाही.

म्हणूनच ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश मिळाल्यास, शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क संपूर्ण माफ झाले. संस्थास्तरावरील जागांना ही माफी नाही. खोली आणि खानावळ यांचा भार उरतोच. तरीही कर्जाचा मोठा भाग यामुळे टळतो. गोंड, कोलाम, आंध अशा आदिवासी जमातींतील विद्यार्थी-विद्यार्थिनींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा न मिळाल्यास निवास-भोजनासाठी स्वयम् योजना आहे. किनवटला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. या योजनांची माहिती प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी घरापर्यंत पोचविणे, हे काम गावातील शिक्षक आणि कारकून जितके करू शकतील तितके कोणतीही जाहिरात करू शकणार नाही. शुल्क माफ असेल आणि संस्था बरी असेल, तर मंदीतही मुलीने ही पदवी जरूर घ्यावी. तेथे गमावण्यासारखे थोडे आणि मिळविण्यासारखे पुष्कळ आहे.

व्यवस्थापन कशाचे?

आणखी एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. ही पदवी घेऊन व्यवस्थापन कशाचे करायचे? किनवट १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले. तरी आजही येथून आदिलाबाद जवळ आणि नांदेड दूर आहे. सागवानाचे जंगल, तेंदूपत्ता, मोह, चारोळी, काळ्या रानातील कापूस आणि दोन राज्यांच्या सीमेवरचा व्यापार ही या तालुक्याची संपत्ती. यातील बहुतेक माल कच्च्या स्वरूपात बाहेर जातो. भाव, प्रतवारी, साठवण आणि वाहतूक यांचे निर्णय दुसरेच कोणी घेतात. नंदीग्राम एक्स्प्रेसने तरुण मुंबईकडे जातात, तसाच मालही दुसऱ्याच्या हिशेबाने बाहेर जातो.

येथे व्यवस्थापनाची गरज नाही असे कोण म्हणेल? कंपनी कायद्यात २००२ मध्ये दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना उत्पादक कंपन्या काढता येऊ लागल्या आणि महाराष्ट्रात त्या मोठ्या संख्येने निघाल्या. त्यांतील पुष्कळांची अडचण भांडवलाइतकीच माणसाचीही आहे. खेळत्या भांडवलाचा हिशेब मांडणारा, बँकेपुढे प्रस्ताव ठेवणारा, माल कधी विकावा आणि कधी राखावा हे आकड्यांवरून सांगणारा माणूस त्यांना हवा असतो. आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था १९७९ मध्ये याच हेतूने निघाली. पुण्यातील वैकुंठ मेहता संस्था सहकार आणि कृषिव्यवसाय यांचे व्यवस्थापन शिकविते. किनवटच्या विद्यार्थ्याच्या गाठीशी जे आहे, म्हणजे कापसाची जाण, जंगलाची ओळख, मराठीबरोबर थोडीबहुत तेलुगू, गोंडी किंवा बंजारा बोली, त्याला अशा शिक्षणात मोल आहे. पुण्याच्या विमा कंपनीत पॉलिसी विकताना त्यातील काहीच कामास येत नाही.

याचा अर्थ येथील मुलाने येथेच राहावे असा मुळीच नाही. जावे, आणि दूर जावे. परंतु मंदीच्या वाऱ्याने ढकलले म्हणून जाणे आणि काय शिकायचे ते ठरवून जाणे, यांत अंतर आहे.

निर्णयाची कसोटी

तात्पर्य, मंदी हे पदवी घेण्याचे कारण होऊ शकत नाही आणि न घेण्याचेही नाही. जी संस्था तेजीत निवडली नसती, ती मंदीत निवडू नये. प्रवेशापूर्वी तीन गोष्टींची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. या संस्थेतून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्यांपैकी किमान पाच जणांना भेटून त्यांचा आजचा पगार विचारला आहे काय? शुल्कमाफी व शिष्यवृत्ती वजा जाता उरणारा हप्ता, सर्वांत कमी पगाराच्या एक-चतुर्थांशात बसतो काय? आणि पदवीनंतर वर्षभर नोकरी मिळाली नाही, तर घर ते वर्ष जमीन न विकता काढू शकेल काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर मंदीची तमा न बाळगता प्रवेश घ्यावा. एकही नकारार्थी असेल, तर आधी मिळेल ते काम धरावे. पतसंस्थेत दोन वर्षे खरी खातेवही हाताळलेला तरुण पुढे व्यवस्थापनाच्या वर्गात बसला, तर त्याला पुस्तकातील अर्धे आपोआप कळते. आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्यांसाठीच उघडे आहे.

ही झाली कुटुंबाची जबाबदारी. शासनाचीही एक आहे. संस्थांच्या जाहिरातींत सर्वांत मोठा पगार छापलेला असतो. मधला पगार आणि नोकरी न मिळालेल्यांची संख्या कोठेच नसते. बियाण्याच्या पिशवीवर उगवणीचे प्रमाण छापणे बंधनकारक आहे. दोन वर्षे आणि पाच लाख रुपये घेणाऱ्या संस्थेवर तेवढेही बंधन असू नये? ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून शिक्षणाची परतफेड पदवीधराच्या उत्पन्नाशी जोडली आहे. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेल्याखेरीज तेथे वसुली सुरू होत नाही. मंदीचा धोका एकट्या शेतकऱ्याच्या माथी न मारता समाजाने वाटून घेण्याची ती एक रीत आहे आणि आपल्याकडे तिचा गंभीरपणे विचार व्हावयास हवा.

तो होईपर्यंत धोका घरालाच पत्करावा लागणार आहे. तो पत्करू नये असे म्हणणे सोपे आहे. पण शिक्षणाचा धोका पत्करूनच येथील दोन पिढ्या चिखलातून वर आल्या, हे किनवटचे शिक्षक आणि कारकून स्वतःच्या घरावरून जाणतात. त्यांनी आता एवढेच करावे, की शेजारच्या मुलाच्या हाती प्रवेशाचा अर्ज दिसला तर कौतुकाच्या शब्दांबरोबर कागद-पेन्सिलही पुढे करावी आणि त्याच्या बापाच्या देखत हप्त्याचा हिशेब मांडून दाखवावा.